ओहोटीच्या वेळी देव कोठे असतो?



गोराईच्या खाडीत ओहोटी लागली म्हणजे होड्या चिखलात टेकतात. तेव्हा समुद्र आटला, असे कोणी कोळी म्हणत नाही. परंतु आपल्या जीवितास ओहोटी लागली की, देव आपणांस सोडून गेला असे आपल्याला वाटू लागते. मूल दगावते, पीक बुडते, आणि शेजारी विचारतात, “तुमचा देव आता कोठे आहे?” या प्रश्नास काय उत्तर द्यावे?

प्रथम हे ध्यानात असावे की, बाप्तिस्मा म्हणजे दुःखापासून मिळालेली सूट नव्हे. पंडिता रमाबाईंचे चरित्र पाहा. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईबाप व वडील बहीण गेली. १८८० साली बंधू व १८८२ साली पती निवर्तले. १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणून वियोग संपले काय? नाही. १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा हीही गेली. तरी पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम बाईंनी सोडले नाही. १९२२ साली त्या स्वतः प्रभूकडे गेल्या.

हे दुःख देवाने का येऊ दिले, हे आपणांस सांगता येत नाही. परंतु १८९६-९७ साली पुन्हा मोठा दुष्काळ पडला, तेव्हा भूक काय असते हे जाणणारी हीच बाई मध्य प्रांतात गेली आणि शेकडो अनाथ मुलींना व विधवांना तिने आश्रय दिला. देवाचे सांनिध्य त्यांच्यापर्यंत पोहोचले, ते एका दुःख भोगलेल्या माणसाच्या हाताने.

कित्येक जण दुःखितास म्हणतात, “तुझा विश्वास उणा आहे.” असे बोलणे क्रूरपणाचे आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडले आणि ते चुकले. प्रभूनेही वधस्तंभावर, आपण टाकले गेलो, असा आक्रोश केला. पण तो देवापाशीच केला. ज्याच्याकडे आपण गाऱ्हाणे नेतो, त्याचा हात आपण अजून सोडलेला नसतो.

म्हणून, उपदेशक बंधूंनो, शोकाच्या घरी उपदेश घेऊन घाईने जाऊ नका. भाकर घेऊन जा आणि जवळ बसा. आणि दुःखितांनो, प्रार्थनेस शब्द सुचत नसतील तर रडा, परंतु देवासमोर रडा. उत्तर विलंबाने येईल, कदाचित या जगात येणारही नाही; तरी ऐकणारा जवळ आहे, या भरवशावर आजचा दिवस काढावा.