सातवा 'अं'

एखाद्या प्रश्नावर मत असणं ही काही मोठी गोष्ट नाही. चहाच्या एका कपात तीन-चार मतं सहज होतात. पण तेच मत मोबाईलपुढे उभं राहून तीन मिनिटांत लोकांना पटवायचं, आणि वर खोटंही बोलायचं नाही, म्हणजे महिनाअखेरीचा हिशोब परवडला!

'बँकांना पाच दिवसांचा आठवडा का हवा?' या व्हिडिओचं काम युनियनने माझ्या गळ्यात घातलं. कारण काय, तर मी 'लिहितो-बिहितो'. मुद्दे भरपूर होते. १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा व चौथा शनिवार सुटीचा झाला. पण बाकीच्या शनिवारचा अर्धा दिवस पुरा झाला. एलआयसीला १० मे २०२१ पासून सगळेच शनिवार मोकळे मिळाले. मार्च २०२४ मध्ये बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांचं, सरकारच्या मंजुरीच्या अटीवर, पाच दिवसांबाबत एकमत झालं. बदल्यात रोज चाळीस मिनिटं जादा बसायची आमची तयारी. हे सगळं मी घडाघडा म्हटलं.

"बाबा, सात वेळा 'अं' म्हणालात," चिरंजीव म्हणाले. "कापून टाकतो."

सोय मोठी झकास! पण हे 'अं' येतात कुठे? मी नीट ऐकलं. जिथे जिथे 'ग्राहकांची काहीच गैरसोय होणार नाही' अशा अर्थाचं काही आलं, तिथे तिथे अं!

"आणि ज्यांना शनिवारीच बँकेत यायला जमतं, त्यांचं काय?" आतून हिचा आवाज आला.

"ते काढतील त्यांचा व्हिडिओ!"

पण ते कुठले काढतायत? शनिवारी पासबुक घेऊन येणाऱ्या कामगाराची आणि मुलाला सुटी म्हणून त्याचा हात धरून येणाऱ्या आजोबांची युनियन नसते. वकिलाने एकच बाजू मांडली तर चालतं. समोर दुसरा वकील असतो, वर न्यायाधीश. सभेत निदान मागून कोणी तरी "बसा खाली!" म्हणतो. व्हिडिओत तेवढंही सुख नाही. तिथे विरोधकाची खुर्ची आपणच मांडायची आणि तीही मोडक्या पायाची नको.

आपल्या शास्त्रकारांना हे पक्कं ठाऊक होतं. आधी पूर्वपक्ष, मग सिद्धान्त. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्य प्रतिपक्षाचं म्हणणं असं मांडतात, की घाईने वाचणाऱ्याला तेच त्यांचं मत वाटावं. अर्थात त्यांना तीन मिनिटांची मर्यादा नव्हती! आमच्या धंद्यातही वेगळं काय आहे? नुसतं 'जमा' लिहून वही जुळत नाही. 'नावे'ही लिहावं लागतं.

म्हणून मी चाळीस सेकंद त्या शनिवारवाल्यांना दिली. रोजच्या चाळीस मिनिटांनी त्यांची सगळी अडचण सुटत नाही, हेही सांगितलं आणि तरी मागणी रास्त का, ते मग सांगितलं. चिरंजीवांनी सहा 'अं' कापले. सातवा मी ठेवायला लावला.

युनियनचे सेक्रेटरी म्हणाले, "अहो, तुम्ही आपल्या बाजूचे की त्यांच्या?"

"आपल्याच!" मी म्हटलं. "पण आपल्या लोकांना पटवायला व्हिडिओ कशाला हवा? त्यांना शनिवार पुरे आहे."