पाड्याचे धान्य पाड्याच्या ताटात

मोखाडा, जव्हार, विक्रमगड या पालघरच्या डोंगरी तालुक्यांत आषाढ-श्रावणात अनेक घरांत अजूनही उपास घडतो, आणि तो कोणत्याही देवासाठी धरलेला नसतो. कणगीतले धान्य संपलेले असते, वीटभट्टीवरून आणलेले पैसे बी-बियाण्यात गेलेले असतात आणि नवे पीक दिवाळीच्या आसपास हाती यायचे असते. पूर्वी याच दिवसांत सावकार खावटीचे धान्य देई आणि हंगामाला वाढीदिढीने वसूल करी. एका पावसाळ्याच्या खावटीपायी माणसे वर्षानुवर्षे वेठीला जुंपली जात. १९४५ च्या वारली उठावाने वेठबिगारीवर घाव घातला. मात्र ज्या रिकाम्या महिन्यांवर ती पोसली गेली होती, ते महिने तसेच राहिले.

१९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या कुपोषणामुळे झालेल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. पाठोपाठ मेळघाटातील कोरकू बालकांचे मृत्यू चर्चेत आले. त्यानंतर समित्या झाल्या, योजना आल्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. २०१५ पासून आदिवासी भागातील गरोदर आणि स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजनेतून एक वेळचे चौरस जेवण सुरू झाले. या योजनांनी जीव वाचवले आहेत. रेशन थांबले तर अनेक घरांची चूल थांबेल, हे विसरून कोणी बोलू नये.

पण रेशनच्या गोणीत प्रामुख्याने तांदूळ आणि गहू असतात. त्याने पोट भरते, पोषण होत नाही. १०० ग्रॅम नागलीत, म्हणजे नाचणीत, सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते; पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास भरते. ज्या उतारावर ही नागली पिकते, त्याच्याच पायथ्याशी अंगणवाडी आहे, आश्रमशाळा आहे. आणि त्या शाळेतल्या मुलांसाठी तांदूळ मात्र दूरच्या गोदामातून घाट चढून येतो. हा उलटा व्यवहार आपण मुकाट्याने चालू दिला आहे.

यावर ठरलेले उत्तर मिळते : आता आदिवासीच नागली पिकवत नाहीत. ते का, हेही विचारले पाहिजे. राब भाजायचा, रोप तयार करायचे, भर पावसात चढावर लावणी करायची, आणि पीक आले की व्यापारी सांगेल त्या भावाला ते द्यायचे. वरई, कोदो, कुटकीचे तर टरफल काढण्यातच बाईचे हात भरून येतात. शेजारी तांदूळ फुकट मिळत असताना एवढे कष्ट कोणी का करावेत? त्यात शहरातून आलेल्या शिक्षक-अधिकाऱ्यांनी काळ्या भाकरीकडे मागासपणाची खूण म्हणून पाहिले, आणि मुलांना आपल्याच डब्याची लाज वाटू लागली. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले. पुण्या-मुंबईच्या दुकानांत नाचणीची बिस्किटे सुबक वेष्टनात मांडली गेली. ज्यांनी हे बियाणे पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्यांच्या मुलांच्या ताटात ते पोहोचले का, याची विचारपूस फार थोड्यांनी केली.

हे बदलता येते. ओडिशाने २०१७ मध्ये आदिवासी जिल्ह्यांत भरडधान्य अभियान सुरू केले, शेतकऱ्यांकडून नाचणी विकत घेतली, ती रेशनवर दिली आणि काही जिल्ह्यांत अंगणवाडीतल्या मुलांना नाचणीचे लाडू दिले. आपल्याकडे कायद्याची अडचण नाही, कारण अन्नसुरक्षा कायद्याच्या धान्यात भरडधान्ये आहेतच. नागलीचा हमीभावही दरवर्षी जाहीर होतो. मात्र हमीभाव कागदावर असणे आणि पाड्यावर वजनकाटा येणे यांत मोठे अंतर आहे. ते सरकारने कापले पाहिजे. दिवाळीनंतर आठवडे बाजाराच्या गावी खरेदी व्हावी, पैसे लगेच मिळावेत आणि तेच धान्य त्याच तालुक्यातील आश्रमशाळांत, अंगणवाड्यांत आणि रेशन दुकानांत जावे. वरई-कुटकी भरडण्याचे छोटे यंत्र गावच्या महिला बचत गटाकडे असावे.

बियाण्याची चिंताही परक्या कंपनीवर सोपवायला नको. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बँक उभी करून दाखवली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गौरव झाला, आता अनुकरण व्हावे.

या सगळ्याच्या मुळाशी जमीन आहे. नागली-वरई वरकस उतारावर पिकते आणि त्यातले बरेच उतार वनखात्याच्या नोंदीत आहेत. आज पेरलेले उद्या उपटले जाईल या भीतीत कोणी बांध घालत नाही. म्हणून वनहक्क कायद्याखालील दावे लवकर आणि न्यायाने निकाली काढणे हेही पोषणाचेच काम आहे. जंगल हे पावसाळ्यातले दुसरे कोठार : शेवळी, टाकळा, कुर्डू, कंद, नदीनाल्यातले मासे-खेकडे. त्यावर ग्रामसभेचा सामूहिक हक्क असेल तर ते टिकते. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला असा हक्क २००९ मध्ये मिळाला, आणि आपले जंगल सांभाळण्याची गावाची ताकद साऱ्या देशाने पाहिली.

मूल दगावले की आपण आईच्या अडाणीपणाकडे बोट दाखवतो. ही सवय सोडली पाहिजे. नवव्या महिन्यात भट्टीवर विटा वाहणाऱ्या बाईला आहाराचे व्याख्यान देऊन तिचे बाळ वाचत नाही. तिला गावात काम हवे, शेताचा सातबारा हवा आणि पिकवलेल्या धान्याला गिऱ्हाईक हवे. आश्रमशाळा आणि अंगणवाडी हे ते गिऱ्हाईक होऊ शकते. त्यासाठी लागणारा पैसा आजही खर्च होतोच, फक्त तो गावाबाहेर जातो.

आपल्या तालुक्यातील आश्रमशाळेत आज काय शिजले, ते धान्य कुठून आले, हे विचारण्याचा प्रत्येक नागरिकाला अधिकार आहे. शिक्षकांनी, ग्रामसभांनी, आमदारांनी आणि आपण शहरातल्यांनीही तो वापरावा. येत्या हंगामात पाड्यावरची नागली पाड्यावरच्या मुलांसाठी विकत घ्या, एवढी एक मागणी आपण एकमुखाने केली पाहिजे.