पायरी उतरणाऱ्या गिऱ्हाइकाला

चि. चिऊ हिस,


रविवारी तू फोनवर विचारलंस, "काका, साइट सोडून जाणाऱ्यांसाठी पॉपअप टाकू का?" एजन्सीने तुझ्या साड्यांच्या साइटसाठी डिझाइनही पाठवलंय: इरकलीचा फोटो, त्यावर '१० टक्के सूट' आणि खाली ईमेलसाठी चौकट. मी 'लिहून कळवतो' म्हणालो. पंचवीस वर्षं लोकांच्या साइट बांधल्या, तेव्हा या एका चौकटीबद्दल मला बरंच सांगायचंय.

आधी आजोबांच्या दुकानात चल. नव्या पेठेतलं आपलं साड्यांचं दुकान तू पाहिलेलं नाहीस. आजोबा गादीवर बसून वीस-वीस साड्या उलगडून दाखवायचे आणि शेवटी बाई म्हणायची, "बघून येते." एखादा नवा नोकर घाबरून मागून ओरडायचा, "ताई, अजून पन्नास कमी करतो!" आजोबा त्याला तिथेच गप्प करायचे. मागून ओरडून किंमत कमी केली की पहिली किंमत खोटी होती हे आपणच कबूल करतो, असं ते म्हणत. बाई गेल्यावर मात्र ते त्या पोराला विचारत, "कुठल्या साडीवर तिचा हात थबकला? कुठे चेहरा पडला?" उत्तर बहुधा दुकानातच सापडायचं. कधी हवा तो काठ वरच्या फळीवरून खाली काढायचाच राहिलेला असे, कधी पदर मनात भरलेला असे पण रंग गडद वाटलेला असे. आजोबा ती साडी बाजूला काढून ठेवत. बाई परत आली की तीच आधी उलगडत.

तुझ्या साइटवरचा पॉपअप हा तो मागून ओरडणारा नोकर आहे. तो काम कसं करतो ते नीट समजून घे. संगणकावर त्याची नजर माउसच्या बाणावर असते. बाण पानाच्या वरच्या कडेबाहेर, म्हणजे टॅब बंद करण्याच्या किंवा पत्ता बदलण्याच्या जागेकडे गेला की ब्राउझर ते स्क्रिप्टला कळवतो आणि पडदा समोर येतो. माणसाच्या मनातलं त्याला काही कळत नाही. दुसऱ्या टॅबमध्ये आईचा निरोप वाचायला जाणारी मुलगीही त्याच्या लेखी 'निघाली'. मोबाइलवर तर बाणच नसतो. तिथे कुणी पान भराभर वर सरकवलं, बराच वेळ स्पर्श केला नाही किंवा मागे जायचं बटण दाबलं, यावरून अंदाज बांधला जातो. तुझी बहुतेक गिऱ्हाइकं फोनवरूनच येतात. तेव्हा एजन्सी ज्याला 'जाण्याचा हेतू ओळखणं' म्हणते, तो तुझ्या बाबतीत बराचसा ठोकताळाच आहे.

या पडद्याचा इतिहासही तुला माहीत असावा. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या 'ट्रायपॉड' या साइटवर एका मोटार कंपनीची जाहिरात एका अश्लील पानावर झळकली आणि कंपनी बिथरली. जाहिरात पानापासून वेगळी दिसावी म्हणून तिथल्या एथन झुकरमन यांनी ती स्वतंत्र खिडकीत उघडणारा कोड लिहिला. हेतू वाईट नव्हता, पण त्या खिडक्यांनी लोकांना इतकं छळलं की २०१४ मध्ये 'द अटलांटिक'मध्ये लेख लिहून झुकरमन यांनी जाहीर माफी मागितली. तोवर ब्राउझरांनी अशा खिडक्या रोखायला सुरुवात करून बरीच वर्षं झाली होती. मग आमच्या धंद्याने वाट बदलली. खिडकी गेली आणि पानाच्या आतच पडदा आला, कारण तो रोखणं ब्राउझरला कठीण. साइट सोडताना 'खरंच जायचंय का?' असं विचारणाऱ्या ब्राउझरच्या चौकटीत पूर्वी आपल्याला हवा तो मजकूर घालता यायचा. लोकांनी तिथे धमक्या आणि आमिषं लिहिली, आणि २०१६ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही ती सोय काढून घेतली. जाणाऱ्याला अडवायची एकेक युक्ती अशी अतिवापराने संपत गेली. ज्यांनी ती जपून वापरली असती, त्यांचंही त्यात नुकसान झालं.

आता आपल्याकडे कायदाही यात उतरलाय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात फसवणुकीचे तेरा प्रकार दिले आहेत. तुझ्या डिझाइनशी त्यातल्या तीन प्रकारांचा थेट संबंध येतो: खोटी घाई करणं, नकार देणाऱ्याला लाजवणं आणि पुन्हापुन्हा टोचत राहणं. एजन्सीच्या चित्रात 'फक्त १० मिनिटं!' असं उलटं धावणारं घड्याळ आहे. दहा मिनिटांनी ती सूट खरोखर संपणार आहे का? नसेल, तर घड्याळ काढून टाक.

नकार देणाऱ्याला लाजवण्याचं पाप मी स्वतः केलंय. एका कपड्यांच्या साइटसाठी मी बटणावर लिहिलं होतं, 'नको, मला जास्त पैसे देणं परवडतं.' ईमेल भराभर जमले, मालक खूश झाला, मीही खूश झालो. पुढे एका दुपारी तुझी आजी फोन घेऊन माझ्याकडे आली. कुठल्याशा साइटवरच्या पडद्याने सगळं झाकलं होतं आणि तो बंद करायची फुली इतकी बारीक आणि फिकट होती की तिच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना ती दिसतच नव्हती. "मी काही बिघडवलं का रे?" तिने विचारलं. ती साइट माझी नव्हती, पण तसल्या फुल्या मी घडवल्या होत्या. दार आम्ही लपवलं होतं आणि अपराधी तिला वाटत होतं. त्या दिवसापासून मी तसं काम घेणं बंद केलं.

सवलतीबद्दलही विचार कर. जी बाई तुझ्यावर विश्वास ठेवून थेट पैसे भरते तिला पूर्ण किंमत आणि जी निघून जाते तिला दहा टक्के कमी. हे एकदा कळलं की लोक साडी कार्टमध्ये टाकून मुद्दाम निघाल्यासारखं करतात. प्रामाणिक गिऱ्हाइकाला महाग पडणारं दुकान किती दिवस चालेल? आणि हातमागाच्या साडीत दहा टक्के निघतात कुठून? आधी तुझ्या नफ्यातून, आणि हंगाम वाईट गेला की विणकराच्या मजुरीतून. सूट द्यायचीच असेल तर दिवाळीला सगळ्यांना दे, उघडपणे दे.

मग करायचं काय? आजोबा विचारत तेच विचार: चेहरा कुठे पडला? ऑनलाइन दुकानांत भरलेल्या शंभर कार्टपैकी सुमारे सत्तर तशीच सोडली जातात, असं डेन्मार्कच्या बेमार्ड इन्स्टिट्यूटने अनेक अभ्यास एकत्र करून काढलेली सरासरी सांगते. त्यातली बरीच माणसं नुसती बघायला आलेली असतात. बाकीच्यांनी सांगितलेलं सगळ्यात मोठं कारण म्हणजे शेवटच्या पानावर अचानक वाढलेला खर्च. तुझ्या साइटवर कुरियरचे पैसे शेवटीच कळतात, मी पाहिलंय. ते साडीच्या किमतीशेजारी आण. फॉल-पिको करून मिळेल का, ब्लाउजपीस आहे का, परत करता येईल का, हे फोटोखालीच लिही. दिवसाच्या उजेडात काढलेला एक साधा फोटो दे. एवढं केलंस की पडद्याचं निम्मं काम तिथेच उरकेल.

त्यानंतरही पॉपअप ठेवायचा असेल तर ठेव. मी त्याच्या विरोधात नाही. पण ज्यांनी कार्टमध्ये काही टाकलंय त्यांनाच तो दिसू दे, आणि एकदाच. नको म्हटल्याची नोंद ब्राउझरमध्ये ठेव आणि तिचा मान राख. फुली ठळक हवी, अंगठ्याने सहज दाबता येईल एवढी मोठी. एस्केप दाबल्यावर पडदा गेलाच पाहिजे. बटणावर साधं 'नको' लिही. आणि मजकुरात एवढंच विचार: 'ही साडी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवू का? सावकाश बघा.' नंबर मिळाला तर त्यावर तेवढंच पाठव. दिलेल्या संमतीपलीकडे माहिती वापरू नये, हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही आहे आणि साध्या माणुसकीतही.

एजन्सी तुला जमलेल्या ईमेलचा आकडा दाखवेल. तू दुसरा आकडा माग. निम्म्या लोकांना पॉपअप दाखव, निम्म्यांना नको, आणि दोन महिन्यांनी दोन्ही गटांत किती साड्या गेल्या, किती परत आल्या, किती जणी स्वतःहून पुन्हा आल्या ते मोज. फरक दिसला नाही तर पडदा काढून टाक.

आपल्या घरातून निघणारं माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतं. आजोबांच्या दुकानातली बाईही 'बघून येते' म्हणायची, आणि ते शब्द खरे करण्याची जबाबदारी आजोबा स्वतःवर घेत. प्रवासाला निघालेल्याच्या हातावर आजी अजूनही दही-साखर ठेवते. ती ठेवताना कधी दाराला कडी लावत नाही. तुझ्या पॉपअपचा मजकूर लिहिताना तिचा तो हात डोळ्यांसमोर ठेव, आणि लिहून झालं की आधी तिच्याच फोनवर उघडून बघ. तिला फुली सापडली, तर साइटवर चढव.

तुझा,
काका