वाणी कोणाची?

लॅटिन भाषा आता आपल्या वेदीवरून क्वचितच ऐकू येते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) उपासनेत मराठी आली आणि ते उचितच झाले. तथापि आपली मुले जी इंग्रजी शिकतात, तिच्यात लॅटिन अद्याप नांदते आहे. बोलण्याविषयीचे तिचे शब्द न्याहाळले की आम्हांला त्यांत एक नैतिक प्रश्न दिसतो: वाणी ही आपली मालमत्ता, की आपल्याकडे सोपवलेली ठेव?

'दिचेरे' म्हणजे बोलणे. त्याला 'बेने', म्हणजे चांगले, जोडले की 'बेनेडिक्शन' हा आशीर्वाद होतो. 'माले', म्हणजे वाईट, जोडले की 'मॅलेडिक्शन' हा शाप होतो. आपल्याकडेही आशीर्वाद, संवाद आणि विवाद हे एकाच 'वद्' धातूचे. ज्या मुखाने देवाची स्तुती करावी त्याच मुखाने माणसाला शाप द्यावा, याबद्दल संत याकोबाने आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात खेद व्यक्त केला आहे.

मग गोड बोलणे म्हणजेच आशीर्वाद काय? तसे नव्हे. 'व्हर्डिक्ट' या शब्दाचा मूळ अर्थ 'खरेपणाने बोललेले'. सत्य सोडून गोड बोलणे ही खुशामत होय. उलट, केवळ सत्य सांगितल्यानेही भागत नाही. 'डिक्टेटर' हा शब्दही त्याच कुळातला. त्याच्यापुढे इतरांनी फक्त ऐकायचे असते. उत्तराला जागा न ठेवणारे असे खरे बोलणे आपल्या घरांतही कानी पडते.

लॅटिनमध्ये बोलण्याचा आणखी एक धातू आहे, 'फारी'. त्यावरून 'इन्फन्ट' हा शब्द आला: ज्याला बोलता येत नाही तो. बाप्तिस्म्याच्या वेळी तान्ह्या बाळाच्या वतीने आईवडील व धर्ममातापिता उत्तरे देतात. परंतु मुके केवळ बाळच असते काय? सासरी गप्प झालेली सून, घरात ज्याचे मत कोणी विचारत नाही तो वृद्ध, मुकादमापुढे मान खाली घालणारा मजूर, हेही त्याच अर्थाने 'इन्फन्ट' होत.

त्यांच्यासाठी 'अ‍ॅडव्होकेट' हवा. या शब्दाचा मूळ अर्थ 'साह्यासाठी जवळ बोलावलेला'. संत योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी योजलेल्या ग्रीक शब्दाचाही हाच अर्थ. मराठी बायबलने त्याला 'कैवारी' हा सुंदर शब्द दिला.

म्हणून वाणी ही ठेव आहे, असे आम्ही म्हणतो. ज्याला बोलता येत नाही, त्याचा तिच्यावर पहिला हक्क आहे. पुढील खेपेस चारचौघांत कोणा गैरहजर माणसाची निंदा सुरू झाली, तर त्याच्या बाजूने एक वाक्य बोलावे. ठेव परत करण्याची सुरुवात तेथून होईल.