दोष पेशीत की रक्तात?

क्रॉनिक फटीग सिंड्रोमच्या रुग्णाची फाइल जाड होत जाते आणि तिच्यातला जवळजवळ प्रत्येक रिपोर्ट नॉर्मल असतो. हिमोग्लोबिन ठीक, थायरॉइड ठीक, शुगर ठीक. माणूस मात्र नुसती अंघोळ केली तरी पुढचे दोन दिवस अंथरुणातून उठू शकत नाही. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच, की जे तपासलं त्यात काही सापडलं नाही.

रुग्णाच्या पेशींना पुरेशी ऊर्जा तयार करता येत नाही, असा संशय बराच काळ आहे. पण पेशीच बिघडली आहे, की ती ज्या द्रवात आहे त्यातलं काहीतरी तिला अडवतंय? कुंडीतलं रोप कोमेजलं, तर दोष रोपात आहे की पाण्यात, हे नुसतं बघून कळत नाही. पाणी बदलून पाहावं लागतं.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाचे रॉन डेव्हिस यांनी तेच केलं. त्यांचा स्वतःचा मुलगा या आजाराने अंथरुणाला खिळलेला. त्यांच्या चमूने रक्तपेशी आणि रक्तद्रवाच्या नमुन्यात मीठ घालून पेशींवर ताण आणला. आत शिरणारं मीठ बाहेर फेकायला पेशीला ऊर्जा खर्चावी लागते. 2019 च्या शोधनिबंधात 20 रुग्ण आणि 20 निरोगी माणसांचे नमुने होते. सूक्ष्म संवेदकावर रुग्णांच्या नमुन्यांचा विद्युतरोध ठळकपणे वाढला, निरोगींचा तसा वाढला नाही. मग रक्तद्रवाची अदलाबदल केली. डेव्हिस यांनी सांगितलेल्या प्राथमिक निष्कर्षांनुसार, रुग्णाच्या रक्तद्रवात निरोगी पेशी आजारी पेशींसारख्या वागल्या आणि निरोगी रक्तद्रवात रुग्णाच्या पेशी सावरल्या. त्याआधी 2016 मध्ये नॉर्वेतल्या बर्गनच्या संशोधकांनाही रुग्णांच्या सीरममध्ये वाढवलेल्या स्नायूपेशींची ऊर्जाप्रक्रिया बदललेली दिसली होती.

हे खरं ठरलं तर मोठा दिलासा आहे: पेशी निकामी झालेली नाही, अडवलेली आहे. अडवणारा घटक कोण? एक संशयित म्हणजे शरीराने स्वतःविरुद्धच तयार केलेल्या अँटिबॉडीज. त्या रोखण्यासाठी बर्गनच्या त्याच गटाने रिटुक्सिमॅब हे औषध वापरून पाहिलं. 151 रुग्णांच्या मोठ्या चाचणीत ते प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या मात्रेपेक्षा, सरस ठरलं नाही. पण हे औषध बी-पेशी मारतं. अँटिबॉडीज ओतत राहणाऱ्या प्रौढ प्लाझ्मा पेशी त्यातून वाचतात. म्हणून त्याच गटाने या पेशींवर मारा करणारं डाराटुमुमॅब 10 रुग्णांना दिलं आणि त्यातल्या 6 जणांत स्पष्ट सुधारणा नोंदवली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून हा पुरावा अजून कच्चाच आहे.

इथे सावध राहायलाच हवं. 2009 मध्ये रुग्णांच्या रक्तात एक्सएमआरव्ही विषाणू सापडल्याची बातमी आली, हजारोंनी आशा बांधली. तो प्रयोगशाळेतल्या दूषिततेचा परिणाम निघाला आणि 2011 मध्ये शोधनिबंध मागे घेतला गेला. म्हणून रक्तद्रवाच्या अदलाबदलीचा प्रयोगही स्वतंत्र प्रयोगशाळांनी, कुठला नमुना कुणाचा हे न कळू देता, पुन्हा करायला हवा. रुग्णांना नवी आशा देण्याआधी एवढी पडताळणी करणं आपण त्यांचं देणं लागतो.