फुटलेले भांडे आणि आणणारा हात

कोकणातल्या मुस्लिम घरांना काचसामान आणि चिनी मातीची भांडी नवी नाहीत. रत्नागिरी, राजापूर, दापोली या भागांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर आणि पुढे आखातात नोकरीला गेले. परतताना कपड्यांच्या घडीत गुंडाळून त्यांनी बश्या, गुलाबदाण्या, अत्तरदाण्या आणल्या. लोणच्याच्या बरणीला उर्दूत मर्तबान म्हणतात. तो शब्दही ब्रह्मदेशातल्या मर्तबान या बंदराच्या नावावरून आला. त्याच ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८६ साली कैदी म्हणून रत्नागिरीत आणला गेला. तेव्हा समुद्रापलीकडच्या वस्तूंशी आपले नाते जुने आहे.

त्या काळी आणणारा आणि मालक बहुधा एकच असे. बशी फुटली तर तो स्वतःशीच हळहळे. आता जुनी हंडी, जुनी गुलाबदाणी मोबाईलवर पाहून मागवता येते. विकणारा मुंबईत किंवा मुरादाबादेत, घेणारा रत्नागिरीत, आणि मध्ये कितीतरी अनोळखी हात. खोके उघडल्यावर तुकडे निघाले की प्रश्न उभा राहतो : नुकसान कोणाचे आणि दोष कोणाचा? हे दोन प्रश्न आपण एकच समजतो. ते एक नाहीत.

नुकसानीच्या प्रश्नाला कायद्याने उत्तर दिले आहे. १९३० च्या माल-विक्री कायद्यानुसार माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की सामान्यतः तो खरेदीदाराला पोचला असे धरतात. पण वस्तूचे स्वरूप पाहून विकणाऱ्याने वाहतुकीचा योग्य करार केला नसेल, तर खरेदीदार हे पोचणे नाकारू शकतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी तर सदोष माल परत घेण्याचे बंधन विकणाऱ्यावर घातले. शाफई फिकहने, जो कोकणातले बहुतेक मुसलमान मानतात, हे फार पूर्वीच ठरवले : खरेदीदाराने ताबा घेण्याआधी वस्तू नष्ट झाली तर नुकसान विकणाऱ्याचे.

वाहून नेणाऱ्याचे काय? यावर हनफी फकीहांतच मतभेद झाले. इमाम अबू हनीफा यांच्या मते अनेकांचे काम मजुरीवर करणारा हा अमानतदार आहे. त्याच्या स्वतःच्या कृतीने नुकसान झाले नसेल, तर भरपाई त्याच्याकडून घेऊ नये. त्यांचेच शिष्य इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहंमद म्हणाले की आगीसारखे टाळता न येणारे संकट सोडले तर त्याने भरपाई द्यावी, नाहीतर लोकांचा माल सुरक्षित राहणार नाही. एका बाजूला गरीब मजूर, दुसऱ्या बाजूला लोकांची मालमत्ता. दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

पण दोषाचा प्रश्न कलमांनी सुटत नाही. सहीह बुखारीत हजरत अनस (रजि.) यांनी सांगितलेली एक हदीस आहे. पैगंबर (स.) एका पत्नीच्या घरी होते. दुसऱ्या पत्नीने खादिमाच्या हाती भांड्यातून जेवण पाठवले. घरातल्या पत्नीने खादिमाच्या हातावर फटका मारला, भांडे पडले आणि फुटले. पैगंबरांनी (स.) स्वतः तुकडे गोळा केले, सांडलेले अन्न गोळा केले, आणि ‘तुमच्या आईला मत्सर वाटला’ एवढेच जमलेल्यांना सांगितले. मग खादिमाला थांबवून ठेवले. ज्या घरात भांडे फुटले त्या घरातले धड भांडे त्याच्या हाती देऊन परत पाठवले, आणि फुटके तिथेच ठेवून घेतले.

या हदीसवरून भरपाईचा नियम सांगितला जातो, आणि तो बरोबरच आहे. मला मात्र त्यातले खादिमाला थांबवून ठेवणे अधिक विचार करण्याजोगे वाटते. भांडे त्याच्या हातून पडले होते. तो रिकाम्या हाताने परतला असता तर पहिला जाब त्यालाच द्यावा लागला असता. तो धड भांडे घेऊन परतला. ज्याच्या हातून वस्तू पडली तो आणि ज्याच्यामुळे पडली तो, हे दोघे वेगळे असू शकतात. न्यायाने हा फरक पाहिला.

आपण तो पाहतो का? खोके दबलेले दिसले की आपला आवाज चढतो तो दारात उभ्या असलेल्या पोरावर. अनेक ठिकाणी त्याला पार्सलमागे मजुरी मिळते. खोके कोणी बांधले, मुंबई-गोवा महामार्गाच्या रखडलेल्या कामातून ते कसे आले, यातले काहीच त्याच्या हातात नव्हते. विकणारा दिसत नाही, कंपनी बोलत नाही. सापडतो तो शेवटचा हात, आणि तोच सर्वांत दुबळा असतो.

रत्नागिरीकराला खरे तर हे कोणी शिकवायला नको. नाजूक माल पाठवणे हा आपलाच धंदा आहे. बागायतदार हापूस भरताना पेटीत पेंढा घालतो, आंबा आंब्यावर घासू देत नाही, डागी फळ बाजूला काढतो. वाशीला पेटी उघडल्यावर फळ खराब निघाले तर नाव ट्रकवाल्याचे नव्हे, पेटीवर ज्याचे नाव असते त्याचे जाते. कारण फळ किती नाजूक आहे हे त्याला ठाऊक होते, आणि भरणाराही तोच होता. बशी विकणाऱ्यालाही हेच लागू व्हावे. प्रत्येक नग वेगळा गुंडाळणे, पोकळीत कागद भरणे, झाकण सुटे बांधणे, खोक्यात खोके घालणे, आणि बशीला आधीची चीर असेल तर ती सांगणे, ही अमानत आहे. वर ‘नाजूक’ अशी चिठ्ठी चिकटवल्याने ती पुरी होत नाही. जुन्या वस्तूला जोड मिळत नसते. पैसे परत आले तरी ती वस्तू परत येत नाही. म्हणून भरपाईपेक्षा आधीची काळजी मोठी.

घेणाऱ्यावरही अमानत आहेच. घरात हातातून निसटलेली बशी ‘वाटेतच फुटली’ म्हणून पैसे परत मागणे सोपे झाले आहे. समोर माणूस नाही, कंपनी आहे, असे मन सांगते. पण त्या खोट्याचा भार फिरत फिरत पुन्हा त्याच शेवटच्या हातावर येऊ शकतो.

तेव्हा तक्रार जरूर करावी, हक्काची भरपाईही जरूर मागावी. फक्त ती ज्याच्याकडून येणे आहे त्याच्याकडेच मागावी. दारातल्या मुलाला सलाम करून पाणी विचारावे. भांड्याची किंमत ठरवता येते. विनाकारण अपमान झालेल्या माणसाची भरपाई कोणत्या नियमाने करणार?