हुकूम कोणाचा, दोष कोणाचा?

धन्यानें हुकूम केला आणि चाकरानें तो पाळला. पुढें तें काम दुष्टपणाचें ठरलें, तर दोष कोणाचा? पुष्कळ लोक म्हणतात, "सांगणाऱ्याचा, ऐकणारा बिचारा ताबेदार." हें उत्तर सोपें आहे, म्हणूनच तें तपासून पाहिलें पाहिजे. दुसऱ्या महायुद्धांतील एका जर्मन पायदळ डिव्हिजनच्या हकीकतींत या प्रश्नाची कसोटी लागलेली दिसते.

ती २९५ वी डिव्हिजन होय. १९४० सालीं ती उभारली गेली, आणि जून १९४१ मध्यें जर्मनीनें सोव्हिएट रशियावर स्वारी केली तेव्हां ती युक्रेन देशांत शिरली. ऑगस्ट महिन्यांत तिचा मुक्काम कीव्ह शहराच्या दक्षिणेस बिला त्सेर्क्वा या गांवीं होता. या नांवाचा अर्थ 'शुभ्र मंदिर' असा आहे. तेथें एस्. एस्. च्या एका पथकानें शेंकडों यहूदी स्त्रीपुरुषांस गोळ्या घालून ठार मारिलें होतें. त्यांचीं कांहीं मुलेंही नेऊन मारिलीं होतीं. उरलेलीं सुमारें ९० मुलें, अंगावर पिणाऱ्या बालकांपासून सहा-सात वर्षांच्या मुलांपर्यंत, गांवाच्या कडेस एका घरांत कोंडलीं होतीं. त्यांस ना अन्न, ना पाणी. कित्येक भिंतींचा गिलावा खरवडून खात होतीं.

त्यांचें रडणें ऐकून जवळच्या शिपायांस रात्रीं झोंप येईना. त्यांनीं ही गोष्ट सैन्यांतील पाळकांस सांगितली. रोमन कॅथलिक व प्रॉटेस्टंट या दोन्ही पंथांच्या पाळकांनीं तेथें जाऊन पाहिलें, आणि २० ऑगस्ट रोजीं डिव्हिजनच्या मुख्य कचेरींतील अधिकारी लेफ्टनंट कर्नल हेल्मुट ग्रोसकुर्त यांस कळविलें. ग्रोसकुर्त हे एका पाळकाचे पुत्र होते. त्यांनीं स्वतः जाऊन पाहिलें, मुलांस नेण्याचें काम थांबविलें व वर विचारणा केली. सहाव्या आर्मीचा सेनापति फील्डमार्शल फॉन रायखेनाऊ याचा हुकूम आला, कीं आरंभिलेलें काम पुरें करावें. २२ ऑगस्ट रोजीं तीं मुलें मारिलीं गेलीं. ग्रोसकुर्त यांनीं घडलेलें सर्व लिहून वर पाठविलें. तेव्हां असा अहवाल लिहिलाच नसता तर बरें, असा उलट ठपका त्यांस मिळाला.

आतां पाहा. ग्रोसकुर्त हेही ताबेदारच होते. तरी दोन दिवस त्यांनीं तो हात अडवून धरला. म्हणजे ताबेदाराचे हात बांधलेले असले, तरी डोळे व जीभ हीं बांधलेलीं नसतात. न्यूरेंबर्ग येथील न्यायसभेनेंही १९४६ सालीं हेंच ठरविलें, कीं वरिष्ठाचा हुकूम होता एवढ्यानें अपराध्याची जबाबदारी जात नाहीं.

परंतु या चांगल्या माणसाच्या साक्षींतही एक मोठें व्यंग आहे, तें झांकूं नये. मुलांच्या आईबापांस मारिलें तेव्हां असा अहवाल कोणी लिहिला नाहीं. इतकेंच नव्हे, तर त्याच अहवालांत त्यांनीं असेंही लिहिलें, कीं मुलांचे असे हाल होऊं नयेत म्हणून तें काम तत्काळ उरकावयास हवें होतें. हें वाचून अंगावर कांटा येतो. पहिल्या अन्यायाच्या वेळीं जो गप्प बसला, त्याच्या अंतःकरणास दुसऱ्याच्या वेळीं अर्धेंच बोलतां येतें.

मग तें अर्धें बोलणें व्यर्थ गेलें काय? मुलें वांचलीं नाहींत, हें खरें. पण जें पत्र लिहूं नये असें बलिष्ठांस वाटलें, तेंच टिकून राहिलें, आणि त्या घरांतील रडणें आपल्या कानीं पडलें. पुढें ती डिव्हिजन स्टालिनग्राड येथें वेढ्यांत सांपडून नष्ट झाली. ग्रोसकुर्त फेब्रुवारी १९४३ मध्यें कैद झाले व एप्रिलमध्यें बंदिवासांत तापानें वारले. यास देवाचा दंड म्हणण्याची घाई करूं नये. ज्यानें अडविलें तोही त्याच संकटांत गेला.

शेवटीं हें ध्यानांत ठेवावें, कीं या साऱ्या गोष्टीचा आरंभ सेनापतीनें केला नाहीं, कर्नलनें नाहीं, पाळकांनींही नाहीं. रडणें ऐकून ज्यांची झोंप उडाली, त्या साध्या शिपायांनीं केला. आपणांस मोठा अधिकार नसेल. पण झोंप उडणें व तें कोणास तरी सांगणें यास अधिकार लागत नाहीं. मात्र तें पहिल्या हाकेसच सांगावें.